जर्मनीत म्युझियम बघायला निघालात? आधी वार बघा, मग शहर

आमच्या बर्लिनच्या घरी इतके पाहुणे येऊन गेलेत की आता कुणाचा फोन आला की मी आधी विचारते, "कोणत्या वारी पोचताय?" लोकांना वाटतं ही काय पंचांग बघते की काय. पण खरं सांगते, जर्मनीत फिरायचं तर पहिलं कॅलेंडर उघडायचं, मॅप नंतर.

हे मी शिकले ते सासू-सासऱ्यांच्या पहिल्या ट्रिपमध्ये. नोव्हेंबर महिना, बारीक पाऊस, सासूबाईंच्या पायात नवे बूट चावत होते, पर्समध्ये मेथीच्या पुऱ्या आणि लोणचं, असा सगळा लवाजमा घेऊन आम्ही दोन ट्रेन बदलून एका म्युझियमच्या दारात पोचलो तर दार बंद आणि पाटीवर शांतपणे लिहिलेलं, मोंटाग गेश्लोसन, म्हणजे सोमवारी बंद. मी तिथेच वैतागून उभी, आणि सासरे म्हणाले, "अगं त्यात काय, आपल्याकडे सोमवारी न्हावी बंद, यांच्याकडे म्युझियम." तेव्हापासून हे वाक्य आमच्या घरात पक्कं झालंय. पुऱ्या आम्ही बसस्टॉपवर उभ्यानेच खाल्ल्या.

तर हे सगळं पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी लिहितेय, आईबाबांना घेऊन येणारे, शिकायला आलेले, ऑफिसच्या कामाला येऊन वीकेंड मोकळा मिळालेले, सगळ्यांसाठी.

पायरी १: वार

जर्मनीतली बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात. बहुतेक म्हटलं कारण मुद्दाम उलटं करणारेही आहेत. बर्लिनचं हुम्बोल्ट फोरम मंगळवारी बंद असतं, ड्रेस्डेनच्या राजवाड्यातली म्युझियम पण मंगळवारीच बंद. म्हणजे सोमवार टाळला म्हणून खूश होऊन मंगळवारी ड्रेस्डेनला गेलात तर परत तीच गत.

रविवारचं गणित तर आपल्या डोक्यात अगदीच उलटं बसलेलं असतं. रविवारी तिथे दुकानं बंद, सुपरमार्केट बंद (मोठ्या स्टेशनवरची काही सोडली तर), पण म्युझियम सताड उघडी. म्हणून शॉपिंग शनिवारी उरका आणि रविवार म्युझियमला द्या. सोमवारी काय करायचं? बाहेर फिरायचं. बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग गेट, ईस्ट साइड गॅलरी म्हणजे बर्लिन वॉलचा उरलेला १.३ किलोमीटरचा रंगवलेला तुकडा, हे कुठल्याही वारी बघता येतं. छप्परच हवं असेल तर ज्यू म्युझियम आणि टोपोग्राफी ऑफ टेरर (नाझी अत्याचारांचं प्रदर्शन) सोमवारीही उघडी असतात, टोपोग्राफीला तिकीटच नाही आणि ज्यू म्युझियमचं कायमचं प्रदर्शनही फुकट. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचं, तेसुद्धा सोमवारी चालू असतं.

ख्रिसमसच्या सुमाराला येत असाल तर २४ डिसेंबरचा दिवस सोडूनच द्या, त्या दिवशी जवळपास सगळंच बंद, घरी बसून ग्लूवाइन (गरम मसाल्याची वाइन) नाहीतर चहा प्या.

पायरी २: उघडं आहे का ते बघा, म्हणजे खरंच बघा

वार बरोबर असला तरी अख्खी इमारतच बंद असू शकते. जर्मन लोक दुरुस्ती काढली की आपल्या फ्लायओव्हरसारखं वर्षानुवर्षं चालवतात, फरक इतकाच की कधी उघडणार ते आधी सांगतात. बर्लिनचं पेरगामोन म्युझियम, ज्याचे फोटो बघून निम्मे लोक बर्लिनला येतात, ते ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे. तिथल्या प्रसिद्ध प्राचीन ग्रीक वेदीचा भाग २०२७ ला उघडायचा बेत आहे आणि बाकीच्या भागाला २०३७ उजाडेल असं म्युझियमवालेच सांगतात. तोवर समोरच्या एका इमारतीत प्राचीन पेरगामोन शहराचं गोल भलंमोठं पॅनोरामा चित्र आणि काही मूळ शिल्पं ठेवलीत, ते बघू शकता, पण मूळ वेदी नाही, उगीच अपेक्षा ठेवून जाऊ नका. म्युनिकचं नॉए पिनाकोटेक (पिनाकोटेक म्हणजे चित्रांचं म्युझियम) पण २०१८ च्या शेवटापासून दुरुस्तीला बंद आहे. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांसाठी म्युनिकला निघाला असाल तर ती चित्रं कुठे हलवलीत ते आधी साइटवर बघून घ्या.

ट्रॅव्हल व्हिडिओवर विश्वास ठेवू नका, त्यातले निम्मे जुने असतात. बर्लिनमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी म्युझियम फुकट असायची, ती योजना २०२४ च्या शेवटी पैशाअभावी बंद झाली, तरी अजून लोक मला लिंक पाठवतात की बघ फुकट आहे.

पायरी ३: तिकीट

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की झालं.

एक, टाइम स्लॉट. जर्मनमध्ये त्याला त्साइटफेन्स्टर म्हणतात. गर्दीच्या ठिकाणी, उदाहरणार्थ बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये, तुमच्या स्लॉटलाच आत सोडतात, म्हणून तिकीट म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरून आदल्या दिवशीच काढा. सर्च केल्यावर सगळ्यात वर येतात त्या कमिशनवाल्या साइट, तिथे तेच तिकीट महाग मिळतं.

दुसरं, सवलत. तिकिटाच्या यादीत एर्मेसिश्ट असा शब्द दिसेल, ते सवलतीचं तिकीट, स्टुडंट आयडी असेल तर नक्की विचारा. बर्लिनच्या सरकारी म्युझियममध्ये १८ वर्षांखालच्यांना तिकीटच नाही, म्युनिकच्या पिनाकोटेकमध्येही तसंच, त्यामुळे मुलांना घेऊन फिरणं वाटतं तेवढं महाग पडत नाही. आणि म्युनिकची ही गंमत कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही: रविवारी आल्टे पिनाकोटेक आणि पिनाकोटेक डेर मोडेर्ने यांच्या कायमच्या संग्रहाला फक्त १ युरो. १ युरोत ड्यूरर या जर्मन चित्रकाराने स्वतःचं १५०० साली काढलेलं चित्र बघायला मिळतं, फरचा कोट घातलेला, सरळ आपल्या डोळ्यांत बघणारा. बाहेरची कॉफी चारपट महाग.

बर्लिनमध्ये तीन दिवसांचा म्युझियम पास मिळतो, सलग तीन दिवसांचा. तो घ्यावा का? माझं मत विचाराल तर तुम्ही दोघंच असाल, तरुण असाल आणि खरोखर म्युझियमवेडे असाल तरच. कारण पास घेतला की आपल्यातला मध्यमवर्गीय जागा होतो, पैसे वसूल करायला माणूस दिवसाला चार म्युझियम पळत पळत बघतो आणि शेवटी सगळे पुतळे सारखे दिसायला लागतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सुटी तिकिटं काढा.

राइशटागचा घुमट, म्हणजे जर्मन पार्लमेंटच्या डोक्यावरचा नॉर्मन फॉस्टरचा काचेचा डोम, हा फुकट आहे, पण आधी नाव नोंदवावं लागतं, बुंडेस्टागच्या म्हणजे पार्लमेंटच्याच साइटवर, प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आमच्या आत्याचं नाव आम्ही घाईत घरातलं लाडाचं टाकलं होतं, पासपोर्टवर वेगळं, आत जाईपर्यंत घाम फुटला. पासपोर्टची झेरॉक्स नको, खरा पासपोर्ट न्या. आणि संध्याकाळची वेळ घ्या, सूर्य मावळताना त्या गोल रॅम्पवरून वर चढायचं, कानात ऑडिओ गाइड आपोआप बोलत राहतो, समोर काय दिसतंय ते सांगतो. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतो, पायऱ्या नाहीत.

पायरी ४: पोचायचं कसं

स्टेशनवर फाटक नाही, टर्नस्टाइल नाही, कुणी तिकीट विचारत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं रामराज्य आहे. नाही. साध्या कपड्यातले चेकर अचानक डब्यात उभे राहतात आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड. त्याहून वाईट म्हणजे तिकीट आहे पण पंच केलेलं नाही. बर्लिनमध्ये मशीनमधून कागदी तिकीट काढलं की प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या डब्यात ते घालून शिक्का मारायचा असतो, नाहीतर ते तिकीट नाहीच असं समजतात, आणि "मला माहीत नव्हतं" हे वाक्य ते दिवसातून पन्नास वेळा ऐकतात. अ‍ॅपवर काढलं तर ही भानगड नाही.

आठवड्याहून जास्त राहणार असाल आणि दोन-तीन शहरं करणार असाल तर डॉइचलांडटिकेट हा महिन्याचा पास बघा. मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३. त्यात अख्ख्या देशातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि रिजनल गाड्या चालतात, फास्ट गाड्या म्हणजे आयसीई, आयसी, ईसी चालत नाहीत. दोन खाचाखोचा आहेत, एक तर ते कॅलेंडर महिन्याचं असतं म्हणून २५ तारखेला घेण्यात अर्थ नाही, आणि दुसरं म्हणजे ते सबस्क्रिप्शन आहे, त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कॅन्सल केलं नाही तर तुम्ही पुण्यात परत जाऊन वरणभात खात असताना पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

बर्लिनमध्ये साइटसीइंगची महागडी बस करण्याआधी १०० नंबरची साधी सिटी बस करून बघा. झू स्टेशनवरून अलेक्झांडरप्लात्झला जाते, वाटेत विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचं घर, राइशटाग, म्युझियमचं बेट असं सगळं साध्या तिकिटात. डबल डेकर आली तर वर, अगदी पुढची सीट. सासरे तिथे बसून लहान मुलासारखे खूश झाले होते, बेस्टच्या बसची आठवण काढत.

पायरी ५: दारातून आत

बॅग. पाठीवरची सॅक बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवायला लावतात. लॉकरला १ किंवा २ युरोचं नाणं लागतं, ते परत मिळतं, पण खिशात नाणं नसेल तर परत रांग. मी एक २ युरोचं नाणं पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळंच ठेवते, देवाला काढून ठेवल्यासारखं, ते खर्चायचंच नाही. ओला कोट, छत्री, सगळं गार्डरोबमध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या जागी.

टॉयलेट. स्टेशनवर पैसे पडतात, म्युझियममध्ये फुकट असतं आणि स्वच्छ असतं. बाहेर पडायच्या आधी सगळ्यांना पाठवा, लहान-मोठं कोणी असो.

खाणं आत चालत नाही, पण बाहेरच्या बाकावर डबा उघडायला कोणाची ना नाही, निम्मे जर्मन स्वतःच सँडविच खात बसलेले असतात. पाण्याची बाटली विकत घेतलीत तर फेकू नका, प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, फांड म्हणतात, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातली की पावती येते आणि तेवढे पैसे परत. आमच्या भाच्याने पाच दिवसांत बाटल्या जमवून आइस्क्रीम खाल्लं.

फोटो साधारण चालतात, फ्लॅश नाही. अपवाद एक महत्त्वाचा, तो पुढे सांगते.

पायरी ६: काय बघायचं, आणि काय सोडायचं

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. बर्लिनच्या म्युझियमच्या बेटावर पाच म्युझियम आहेत, सगळ्यात जुनं १८३० चं, सगळ्यात नवं १९३० चं, १९९९ पासून अख्खं बेटच युनेस्कोच्या यादीत. एका दिवसात पाचही करतो म्हणणारे मी पाहिलेत, पेरगामोन बंद आहे म्हणून आता चार करतो म्हणतात. अहो, देवदर्शन आहे का ते, अष्टविनायक करतात तसं? एक निवडा, दोन तास द्या, आणि आत शिरताना तीन वस्तू मनात पक्क्या करा, बाकी जाता जाता दिसेल तेवढं.

पहिल्यांदा आलेल्यांना मी नॉयेस म्युझियमच सांगते. तिथे इजिप्तची राणी नेफरतितीचा मुखवटा आहे, म्हणजे मुखवटा नव्हे, खांद्यापर्यंतचा पुतळा, साधारण ३४०० वर्षं जुना, १९१२ ला इजिप्तमध्ये अमार्नाला सापडला. एका घुमटाच्या खोलीत एकटा काचेत ठेवलाय, आणि हाच तो अपवाद, त्या खोलीत फोटो काढायला सक्त मनाई. आधी सगळे नाराज होतात आणि मग दोन मिनिटांनी लक्षात येतं की फोन खाली असल्यामुळे ही एकच खोली अशी आहे जिथे लोक खरंच बघतायत. डाव्या बाजूने जाऊन बघा, डाव्या डोळ्यात बुबुळच नाही, पांढरा कोरा डोळा. उजवीकडून बघाल तर कळणारही नाही. आणि इमारतीकडेही बघा, दुसऱ्या महायुद्धात ती अर्धी उडाली होती, २००९ ला परत उघडली तेव्हा डागडुजी करताना त्यांनी भाजलेल्या भिंती, टवके उडालेले खांब मुद्दाम तसेच ठेवले. आपल्याकडे असतं तर ऑइलपेंट मारून मोकळे झालो असतो.

तिथून चालत पाच मिनिटांवर हुम्बोल्ट फोरम. आत जायला वेळ नसेल तरी बाहेरून चक्कर मारा, कारण बाहेर चक्क सांचीचं तोरण उभं आहे! सांचीच्या स्तूपाच्या पूर्वेकडच्या तोरणाची मूळ मापाची दगडी प्रतिकृती, डिसेंबर २०२२ ला उभी केली. बर्लिनच्या थंडीत ते हत्ती आणि यक्षी बघून सासूबाई एकदम म्हणाल्या, "या बिचाऱ्यांना शाल तरी द्या."

म्युनिकबद्दल थोडक्यात. डॉइचेस म्युझियम मोठं आहे, मुलं असतील तर तिथेच दिवस काढा. बीएमडब्ल्यू वेल्ट फुकट आहे, समोरच्या म्युझियमला तिकीट. मारिएनप्लात्झच्या टाउनहॉलवर ११ आणि १२ वाजता घड्याळातल्या बाहुल्या नाचतात, हे सगळे बघतात म्हणून तुम्हीही बघाल, पण मान दुखेपर्यंत वर बघायचं आणि शेवटी एक सोनेरी कोंबडा आरवतो. मला विचाराल तर एकदा ठीक आहे.

फ्रँकफर्टला लांबचा लेओव्हर असेल आणि शेंगेन व्हिसा असेल (तो नसेल तर एअरपोर्टबाहेर पाऊल नाही) तर सामान लॉकरमध्ये टाकून लोकलने पंधरा मिनिटांत गावात, माइन नदीच्या काठाने म्युझियमची रांगच आहे, त्यातलं श्टेडेल करा, व्हर्मिअरचं 'भूगोलतज्ज्ञ' हे चित्र तिथे आहे.

पायरी ७: जिथे आवाज खाली ठेवायचा

बर्लिनचं होलोकॉस्ट मेमोरियल, नाझींनी मारलेल्या ज्यूंचं स्मारक, म्हणजे २७११ राखाडी काँक्रीटचे ठोकळे, बाहेरून खेळायच्या जागेसारखे दिसतात आणि आपली मुलं त्यावर उड्या मारायला जातात, फॅमिली फोटोला पोझ देतात. करू नका. आत चालत जा, जमीन खाली जाते, ठोकळे डोक्याच्या वर जातात आणि शहराचा आवाज कमी होतो, तेवढं पुरे असतं.

छळछावण्या बघायच्या तर म्युनिकजवळ डाखाऊ, बर्लिनजवळ साक्सेनहाउझेन, दोन्हीकडे प्रवेश फुकट. लहान मुलांना नेऊ नका. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, संध्याकाळी कुणाला जेवण जात नाही.

आणि एक अगदी आपलीच गोष्ट. गळ्यात स्वस्तिकाचं लॉकेट, बॅगेवर स्वस्तिक, नव्या गाडीच्या चावीला लावलेलं, हे सगळं घरी ठेवा. नाझी चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक ते नव्हे हे आपल्याला माहीत, पण स्मारकाच्या दारात पोलिसाला वेद समजावत बसायची वेळ कशाला आणायची.

पायरी ८: एक दिवस ड्रेस्डेनचा, मंगळवार सोडून

हे मी शेवटी ठेवलंय कारण मराठी माणसाने जर्मनीत एकच वस्तू बघायची असेल तर माझ्या मते ती इथे आहे, आणि कुणी सांगतच नाही. बर्लिनहून फास्ट गाडीने साधारण दोन तास, डॉइचलांडटिकेटवर रिजनलने गेलात तर जास्त. ड्रेस्डेनच्या राजवाड्यात ग्र्यूनेस गेव्होल्बं म्हणजे हिरवा कमानदार खजिना, त्याचे दोन भाग, ऐतिहासिक आणि नवा, दोन्हींची तिकिटं वेगळी. ऐतिहासिकला टाइम स्लॉट लागतो, २०१९ ला चोरी झाली तीही त्यातच. पण आपल्याला जायचंय नव्या भागात.

तिथे एका काचेत औरंगजेबाचा दरबार भरलाय. हो, तोच. योहान मेल्खिओर डिंगलिंगर नावाच्या सोनाराने भावांबरोबर १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं खपून केलेला, नाव "दिल्लीच्या दरबारात औरंगजेबाचा वाढदिवस". साधारण दीड मीटर रुंदीचा चांदीचा चौथरा, वर सिंहासनात बादशहा, खाली नजराणे घेऊन येणारे सरदार, हत्ती, घोडे, उंट, १३० हून जास्त बोटाएवढ्या मीनाकाम केलेल्या बाहुल्या आणि जवळपास ५००० हिरे. डिंगलिंगर कधी हिंदुस्थानात आला नव्हता, प्रवाशांची वर्णनं वाचून त्याने केलं, म्हणून काही सरदार चिन्यांसारखे दिसतात आणि एकंदर थाट आपल्या गौरीपुढच्या आरासीसारखा वाटतो.

आणि आता तारखा परत बघा. १७०१ ला जर्मनीत हा सोनार बादशहाला दिल्लीच्या तख्तावर बसवत होता तेव्हा खरा बादशहा पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता. पुढच्या वर्षी विशाळगड, मग सिंहगड, मग राजगड. १६८१ ला दक्षिणेत उतरला तो दिल्लीला परत गेलाच नाही, १७०७ ला नगरला मेला, तेव्हा तिकडे दरबार पुरा व्हायला अजून एक वर्ष बाकी होतं.

सासरे कोल्हापूरचे. त्यांना मी हे तिथेच काचेपुढे सांगितलं तर ते वाकून वाकून प्रत्येक बाहुली बघायला लागले, इतके जवळ की नाक काचेला टेकलं आणि गार्ड बाई लगबगीने आल्या. सासरे मराठीतच त्यांना म्हणाले, "बाई, ह्यात चिखल दिसत नाही कुठे, तो शोधतोय."

गार्ड बाईंना काही कळलं नाही, त्या हसल्या आणि जमिनीवरची रेघ दाखवली. खजिन्याला दोन तास धरा, मग जवळच फ्युर्स्टेनत्सुग म्हणजे १०२ मीटर लांब पोर्सेलिनच्या फरशांची भिंत, फुकट, आणि परतीची गाडी आधीच बघून ठेवा, रात्री उशिराच्या कमी असतात.